जहाजाचा धूर आणि युरियाचं पाणी

श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून सुमात्रापर्यंत हिंदी महासागरावर एक लांबलचक रेघ आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. १९९५ साली अवकाशात गेलेल्या ‘गोम’ नावाच्या युरोपीय उपकरणाने वर्षानुवर्षं हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड मोजला. त्या मोजमापांची सरासरी काढून नकाशा रंगवला, तेव्हा त्यावर ही रेघ उमटली, आणि २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी ती जगासमोर मांडली. तिच्याखाली शहर नाही, कारखाना नाही, महामार्ग नाही. आहे ती फक्त सुएझकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजांची वाट.

नायट्रोजन डायऑक्साइड आणि त्याचा भाऊ नायट्रिक ऑक्साइड या जोडीला मिळून ‘नॉक्स’ म्हणतात. हा वायू श्वासनलिकेला झोंबतो, दमेकऱ्यांचा त्रास वाढवतो. उन्हात इतर वायूंशी मिसळून तो जमिनीलगतचा ओझोन तयार करतो, आणि हवेतल्या अमोनियाशी जुळून फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण तयार करतो. पावसाबरोबर समुद्रात उतरला की तो खत होतो. बाल्टिकसारख्या जवळजवळ बंदिस्त समुद्रात दर उन्हाळ्यात शेवाळाचे जे थर पसरतात, त्यांना असं वरून पडणारं नायट्रोजनही खाऊ घालतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातल्या मानवनिर्मित नॉक्सपैकी सुमारे १५ टक्के जहाजांमधून येतो. जहाजं दूर खोल समुद्रात असतात, मग आपल्याला काय, असं वाटू शकतं. पण जहाजांचा बराचसा धूर किनाऱ्यापासून ४०० किलोमीटरच्या आतच निघतो.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. जहाजाचं इंधन घाण असतं म्हणून नॉक्स होतो, असं पुष्कळांना वाटतं. गंधकाच्या धुराबाबत ते खरं आहे. गंधक इंधनातूनच येतं, म्हणून २०२० पासून जगभर इंधनातल्या गंधकावर अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली आणि तो धूर कमी झाला. नॉक्सचं तसं नाही. त्यातलं नायट्रोजन मुख्यतः हवेतलंच असतं, आपण श्वासात घेतो त्याच हवेतलं. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे आणि एरवी तो कुणाच्या वाटेला जात नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की साध्या आगीने ती मिठी सुटत नाही. मात्र तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ती सुटू लागते, सुटे अणू ऑक्सिजनशी जुळतात आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा आकाशात नेमकं हेच घडतं. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये डिझेलच्या ज्योतीचं तापमान २००० अंशांच्या पुढे जातं, म्हणजे तिथे दर स्फोटाला छोटीशी वीज कडाडते म्हणा ना.

आता या इंजिनांचा आकार डोळ्यांसमोर आणू. २००६ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘एम्मा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचं मुख्य इंजिन १४ सिलिंडरचं आहे. एकेका सिलिंडरचा व्यास ९६ सेंटिमीटर, पिस्टनची धाव अडीच मीटर, एकूण वजन सुमारे २,३०० टन आणि ताकद सुमारे ८०,००० किलोवॉट. आणि एवढं धूड मिनिटाला जेमतेम १०० फेरे घेतं. या संथपणामुळेच ते इंधनाच्या उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी कामाला लावतं. ट्रकचं इंजिन याच्या जवळपासही येत नाही. पण संथ फेऱ्यांमुळे तापलेला वायू सिलिंडरमध्ये जास्त वेळ रेंगाळतो आणि नॉक्सला तयार व्हायला हवी तेवढी सवड मिळते. त्या काळी असल्या संथ इंजिनांना दर किलोवॉट-तासामागे १७ ग्रॅम नॉक्सची मुभा होती. पूर्ण ताकदीने, त्या मर्यादेला टेकून हे इंजिन चाललं तर तासाला सुमारे १,३६० किलो नॉक्स होतो. तासाला! एका जहाजाच्या एका इंजिनातून.

मग ज्योत थोडी थंड का करत नाहीत? करतात. इंधनाची फवारणी किंचित उशिरा केली की तापमानाचं शिखर खाली येतं आणि नॉक्स घटतो. पण त्याबरोबर इंजिनाची कार्यक्षमता घसरते, तेवढ्याच अंतराला जास्त इंधन लागतं आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. जी गोष्ट इंजिनाला काटकसरी बनवते, तीच नॉक्स बनवते. तेव्हा इंजिनाच्या आतल्या खटपटीने थोडं साधतं, फार नाही. नॉक्स ७०-८० टक्क्यांनी उतरवायचा तर इंजिनाला त्याच्या मनासारखं तापू द्यायचं आणि बाहेर पडलेल्या धुरावर इलाज करायचा, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. सिलिंडरमध्ये थोडा धूर परत फिरवणं, नैसर्गिक वायूवर इंजिन चालवणं असेही मार्ग आहेत, पण त्यांची कहाणी वेगळी.

इलाजाकडे जाण्याआधी एक मजेशीर गोष्ट. नायट्रिक ऑक्साइड हा थंड तापमानाला टिकावा असा वायूच नाही. रसायनशास्त्राच्या हिशेबाने धूर निवला की त्याने मोडून पुन्हा साधं नायट्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला हवं. पण पिस्टन खाली जाताना वायू इतक्या झटकन थंड होतो की मोडायला लागणारी ऊर्जाच उरत नाही. जे तयार झालं ते तसंच गोठून राहतं. उताराच्या तोंडाशी दगड यावा आणि मध्ये छोटासा उंबरठा लागून तिथेच अडकून पडावा, तसं. उंबरठा कमी केला की दगड आपणहून घरंगळतो. रसायनशास्त्रात उंबरठा कमी करणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. तो स्वतः खर्च होत नाही, फक्त वाट सोपी करतो.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरआधी असा उत्प्रेरक कित्येक वर्षांपासून असतो. मग तोच मोठा करून जहाजाला का बसवत नाहीत? कारण पेट्रोल गाडीच्या धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरलेला नसतो. नॉक्समधला ऑक्सिजन काढून घ्यायला तिथे कार्बन मोनॉक्साइड हजर असतो आणि त्याला दुसरीकडून ऑक्सिजन मिळत नाही. डिझेल इंजिन मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. त्याच्या धुरात मोकळा ऑक्सिजन भरपूर असतो. नॉक्सचं प्रमाण त्यापुढे अगदी नगण्य, दहा लाखांत हजार-दीड हजार भाग. तिथे कुठलंही सामान्य इंधन सोडलं तर ते सरळ मोकळा ऑक्सिजन घेऊन जळून जाईल, नॉक्सकडे ढुंकूनही बघणार नाही. हवा होता असा पदार्थ, जो एवढ्या ऑक्सिजनच्या गर्दीतून नेमका नॉक्सच निवडेल.

असा पदार्थ आहे अमोनिया. अमेरिकेत १९५० च्या दशकात हा गुण लक्षात आला, आणि १९७० च्या दशकात जपानने टायटॅनियम ऑक्साइडवर व्हॅनेडियम ऑक्साइडचा पातळ थर दिलेला उत्प्रेरक वीज केंद्रांच्या धुरासाठी घडवला. आजही जहाजांवर मुख्यतः तोच वापरतात, सोबत थोडं टंगस्टन. मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं असलेल्या विटा एका मोठ्या पोलादी पेटीत रचतात आणि सगळा धूर त्या भोकांमधून जाऊ देतात. या पद्धतीला जहाजावरचे लोक एससीआर, म्हणजे ‘सिलेक्टिव्ह कॅटलिटिक रिडक्शन’, म्हणतात. त्या नावातला पहिला शब्द ‘निवडक’ या अर्थाचा आहे, आणि सगळं मर्म त्यातच आहे.

विटेच्या पृष्ठभागावर जे घडतं ते मला या साऱ्या विषयातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. अमोनियाचा रेणू व्हॅनेडियमच्या ठिकाणी येऊन चिकटतो. धुरातून भरकटत आलेला नायट्रिक ऑक्साइडचा रेणू त्याच्यावर आदळतो. दोघांकडे एकेक नायट्रोजन अणू असतो. ते दोन अणू एकमेकांना धरतात आणि हवेतल्यासारखा निरुपद्रवी नायट्रोजन होऊन उडून जातात. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं पाणी होतं. धुरातला मोकळा ऑक्सिजन शेवटी व्हॅनेडियमला पूर्ववत करतो आणि जागा पुढच्या जोडीसाठी रिकामी होते. शास्त्रज्ञांनी अमोनियातल्या नायट्रोजनला वेगळ्या वजनाच्या अणूची खूण करून तपासलं, तेव्हा बाहेर पडलेल्या बहुतेक प्रत्येक जोडीत एक अणू अमोनियाचा आणि एक इंजिनाच्या धुरातला निघाला.

अमोनिया विषारी आहे. त्याच्या टाक्या घेऊन समुद्रात फिरणं खलाशांसाठी धोक्याचं. म्हणून जहाजावर युरिया नेतात. होय, शेतात टाकतो तोच युरिया. शुद्ध पाण्यात ४० टक्के विरघळवलेला. गरम धुराच्या नळात त्याचा बारीक फवारा मारला की पाणी उडून जातं, युरिया फुटतो आणि त्यातून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड होतो. अमोनिया लागेल तिथेच आणि लागेल तेवढाच तयार होतो.

हे पाणी आपल्याकडे आता कुणाला नवं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर ट्रकवाल्यांच्या तोंडी ‘डीईएफ’ हा शब्द बसला. पेट्रोल पंपावर निळ्या-पांढऱ्या बादल्यांमध्ये विकतात ते हेच, फक्त त्यात युरिया साडेबत्तीस टक्के. ट्रकला कडाक्याच्या थंडीतही उभं राहावं लागतं, आणि साडेबत्तीस टक्क्यांचं पाणी शून्याखाली ११ अंशांपर्यंत गोठत नाही. ४० टक्क्यांचं शून्याच्या आसपासच स्फटिक धरू लागतं, पण जहाजाची टाकी उबदार जागी ठेवता येते, आणि जितकं दाट तितकं कमी पाणी वाहून न्यावं लागतं. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात युरिया बनतो, तो गावोगावी सोसायटीत मिळतो, म्हणून कुणी गोणीतला युरिया नळाच्या पाण्यात घोळून वापरू नये. खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, नळाच्या पाण्यात क्षार असतात, आणि क्षारांमधलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व्हॅनेडियमच्या जागा अडवून विटा निकामी करतात.

किती लागतं हे पाणी? कागदावर मांडून पाहू. संथ इंजिनांची १७ ग्रॅमची मर्यादा २००० सालानंतरच्या जहाजांसाठी होती, सागरी संघटनेच्या नियमांत त्या पायरीला टियर वन म्हणतात. २०११ पासून टियर टू आला, १४.४ ग्रॅम. टियर थ्रीची मर्यादा ३.४ ग्रॅम. म्हणजे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर यायला किलोवॉट-तासामागे ११ ग्रॅम नॉक्स मारायचा. रसायनाच्या हिशेबाने त्याला सुमारे ७ ग्रॅम युरिया, म्हणजे १८ ग्रॅम द्रावण लागतं. १०,००० किलोवॉटचं इंजिन पूर्ण ताकदीने चाललं तर तासाला १८० किलो, दिवसाला ४ टनांहून थोडं जास्त. तेच इंजिन दिवसाला सुमारे ४० टन इंधन पितं. म्हणजे इंधनाच्या दशांश. खर्च आहे, पण न पेलणारा नाही.

इथवर सगळं सोपं वाटतं. खरी अडचण आता येते आणि तिचं नाव आहे तापमान.

व्हॅनेडियमचा हा उत्प्रेरक ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान खुशीत असतो. फार तापला, ५०० च्या पुढे गेला, तर त्याची सूक्ष्म रचनाच वितळल्यासारखी बसते. थंड पडला तर प्रक्रिया मंदावते, आणि त्याहून वाईट म्हणजे गंधक आडवं येतं. इंधनातलं थोडं गंधक धुरात असतंच. व्हॅनेडियम त्याचं आणखी ऑक्सिडीकरण करतं, ते अमोनिया आणि पाण्याशी जुळतं आणि अमोनियम बायसल्फेट नावाचा चिकट पदार्थ होतो. काकवीसारखा हा चिकटा विटांच्या भोकांत बसतो, त्यावर काजळी धरते आणि धुराची वाट बुजते. फवारा मारलेला युरियासुद्धा थंड नळात नीट फुटत नाही. त्याचे पांढरे, दगडासारखे थर जमतात, आणि बंदरात पोहोचल्यावर ते खरवडून काढण्यात इंजिनरूममधल्या लोकांचा घाम निघतो.

जहाजाच्या संथ दोन-स्ट्रोक इंजिनाची गंमत अशी की ते इतकं काटकसरी आहे की धुरात फारशी उष्णता ठेवतच नाही. टर्बोचार्जर म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारं चाक; त्यातून बाहेर पडताना धूर २५० अंशांच्या आसपास येतो. उत्प्रेरकाला हा धूर गारच. म्हणून अभियंत्यांनी दोन वाटा काढल्या. एक, पेटी टर्बोचार्जरच्या आधीच बसवायची, जिथे धूर अजून दाबाखाली आणि तापलेला असतो. दाबामुळे वायू कमी जागेत मावतो, तेव्हा पेटीही लहान होते. पण वाटेत एवढा मोठा पोलादी ऐवज आला की इंजिन वेग बदलताना धुराची उष्णता आधी तो ऐवज शोषून घेतो आणि टर्बोचार्जर मागे पडतो. मग वळणाचे नळ, झडपा, त्यांचा क्रम हे सगळं आलं. दुसरी वाट, पेटी टर्बोचार्जरनंतर ठेवायची, कमी गंधकाचं इंधन वापरायचं आणि अधूनमधून बर्नर लावून विटा तापवून चिकटा जाळून टाकायचा. फेरी बोटी आणि छोट्या जहाजांच्या चार-स्ट्रोक इंजिनांचा धूर मुळातच जास्त गरम असल्याने त्यांना हा जाच कमी.

असं यंत्र मोठ्या जहाजावर चालू शकतं हे १९९० च्या सुमारासच सिद्ध झालं होतं. कोरियाहून कॅलिफोर्नियातल्या पिट्सबर्गच्या कारखान्याला पोलाद नेणाऱ्या ‘पॅसिफिक पायोनियर’सारख्या जहाजांना तिथल्या हवेच्या कडक नियमांमुळे एससीआर बसवावं लागलं. त्यांनी तर युरियाऐवजी अमोनियाच वापरला. पुढे स्वीडनने १९९८ पासून कमी नॉक्सच्या जहाजांना जलमार्गाच्या शुल्कात सवलत दिली, नॉर्वेने २००७ मध्ये नॉक्सवर कर लावला आणि उत्तर युरोपातल्या बोटींवर ही यंत्रं दिसू लागली. म्हणजे तंत्र तीस वर्षांहून जुनं आहे. कमी होती ती सक्तीची.

सक्ती टियर थ्रीने आणली, पण ठरावीक पाण्यात, ज्याला नॉक्सचं नियंत्रण क्षेत्र म्हणतात. उत्तर अमेरिकेचा किनारा आणि अमेरिकेच्या ताब्यातला कॅरिबियन समुद्र इथे १ जानेवारी २०१६ नंतर बांधलेल्या जहाजांसाठी, बाल्टिक आणि उत्तर समुद्रात १ जानेवारी २०२१ नंतर बांधलेल्यांसाठी. जहाज ‘बांधलं’ कधी हे त्याचा कणा कधी ठेवला यावरून ठरतं. म्हणून २०१५ संपण्याआधी गोद्यांमध्ये कणे ठेवण्याची झुंबड उडाली. तारखेच्या आत कणा ठेवलेलं जहाज पुढे काही वर्षांनी पूर्ण झालं तरी जुन्याच नियमात बसतं. जहाज पंचवीस-तीस वर्षं चालतं. एका तारखेच्या आडोशाने एवढा धूर पुढच्या पिढीच्या वाट्याला जाणं मला अजिबात पटत नाही.

आणखी एक गोष्ट याहून मोलाची आहे आणि ती थोडी उलगडून सांगायला हवी. इंजिनाला प्रमाणपत्र देताना २५, ५०, ७५ आणि १०० टक्के ताकदीवर नॉक्स मोजतात. त्यात ७५ टक्क्यांच्या मोजमापाला निम्मं वजन. २५ टक्क्यांच्या खाली मोजतच नाहीत. आता, जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग निम्मा केला तर ताकद एक अष्टमांशावर येते, साडेबारा टक्क्यांवर. २० नॉटच्या जहाजाने वेग १२ नॉटवर आणला की ते चाचणीच्या शेवटच्या पायरीच्याही खाली उतरलं. आणि जहाज वेग कमी करतं कुठे? बंदराकडे येताना, खाडीत शिरताना, किनाऱ्याजवळच्या गर्दीत. तिथेच इंजिन थंड असतं, धूर थंड असतो, युरियाचा फवारा बंद असतो. भर समुद्रात, जिथे श्वास घ्यायला माणूस नाही, तिथे विटा तापलेल्या. आणि वस्तीजवळ आलं की त्या निवलेल्या. बेल्जियमने उत्तर समुद्रावर विमानातून जहाजांचा धूर हुंगून पाहिला, तेव्हा टियर थ्रीच्या जहाजांमध्येही मर्यादा ओलांडणारी आढळली.

याला तांत्रिक उत्तरं आहेत. कमी वेगात सिलिंडरांना बगल देऊन थोडी हवा थेट वळवली तर उरलेला धूर जास्त गरम राहतो. कमी तापमानाला चालणारे उत्प्रेरक आहेत, इंधनातलं गंधक आणखी उतरवलं तर चिकट्याची भीती कमी होते. बंदराला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज दिली तर त्याची जनरेटर इंजिनं बंदच ठेवता येतात. पण चाचणीत १० टक्क्यांची पायरी येत नाही तोवर हा खर्च कुणी आपणहून का करावा? जे मोजतात त्यासाठीच यंत्र घडवलं जातं.

आणि आपला किनारा? भारताच्या किनाऱ्याभोवती नॉक्सचं नियंत्रण क्षेत्र नाही. टियर थ्रीचा नियम क्षेत्राच्या हद्दीत शिरताना यंत्र सुरू करायला सांगतो, बाहेर पडताना बंद करायची मुभा देतो, आणि दोन्ही वेळा नोंदवहीत वेळ लिहायला लावतो. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने जाताना न्हावा-शेव्याकडे वळणारी मोठाली कंटेनर जहाजं दिसतात. त्यांतल्या नव्या जहाजांपैकी काहींच्या पोटात विटांची ती पेटी आहे, टाकीत युरियाचं पाणी आहे, ती चालवायला शिकलेले इंजिनिअर आहेत, त्यांतले कित्येक आपल्याच मुंबईच्या मरिन इंजिनिअरिंग कॉलेजातून गेलेले. रॉटरडॅमजवळ त्याच जहाजाचा धूर त्या पेटीतून जातो. उरणसमोर तो पेटीला वळसा घालून सरळ वर जातो, आणि नोंदवहीत त्या तासाला लिहिण्यासारखं काही नसतं.